पंधरा ते पन्नास

मोटारगाडीच्या वयासंबंधी आपल्या देशात सध्या दोन आकडे महत्त्वाचे आहेत. पहिला आकडा पंधरा. दिल्ली आणि भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पेट्रोलवर चालणारी गाडी पंधरा वर्षांची झाली की, काही अलीकडच्या सवलती वगळता, ती रस्त्यावरून हद्दपार होते. दुसरा आकडा पन्नास. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते, तिला ‘व्हीए’ या अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तिच्याकडे राष्ट्राचा ठेवा म्हणून पाहिले जाते. पंधराव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षे तिने कोठे काढावीत, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. जी गाडी पंधराव्या वर्षी यंत्राखाली चिरडली गेली ती पन्नासावे वर्ष पाहणार कशी, हा साधा प्रश्न नियम लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना पडलेला दिसत नाही.

‘आम्हा मंडळींना’ असे मी मुद्दाम म्हणतो. मी केंद्र सरकारचा नोकर आहे आणि आचरण नियमांतील नवव्या नियमाची मला पूर्ण जाणीव आहे. माझ्या विभागाचा वाहतुकीशी किंवा पर्यावरणाशी सुतराम संबंध नाही. येथे जे मांडतो आहे ते एका विचारपद्धतीविरुद्ध आहे, आणि त्या पद्धतीत माझी स्वतःची तीस वर्षांची नोकरी मुरलेली आहे. शिवाय हितसंबंध आधीच उघड केलेला बरा. माझ्याकडे अशी एक गाडी आहे. २००२ सालची, फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स. सुज्ञ वाचकांनी पुढील मजकूर एका पक्षकाराची कैफियत समजून वाचावा.

स्पोर्ट्स कार म्हटले की डोळ्यांपुढे येते ती दोन दारांची, दोन माणसांची, बुटकी, छप्पर उघडणारी गाडी. पाश्चात्त्य देशांत अशा जुन्या गाड्या सामान्य पगारदारालाही परवडतात. १९८९ साली माझदाने ‘एमएक्स-५’ नावाची अशी एक छोटी गाडी आणली. तिचे पहिले नमुने आज पस्तिशी ओलांडून गेले आहेत, आणि इंग्लंड-अमेरिकेतील शिक्षक, सुतार, परिचारिका रविवारी सकाळी त्यांच्या गंजलेल्या उंबरठ्यांना पत्र्याचे ठिगळ लावताना दिसतात. आपल्या बाजारात अशी गाडी स्वस्तात जवळजवळ आलीच नाही. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म हा एक सुंदर अपवाद. फायबरग्लासचे अंग, रेनॉचे लहानसे इंजिन आणि उघडे आकाश. पण ती फार थोड्यांनी घेतली, आणि ज्यांनी घेतली त्यांतले कित्येक आजही सुट्या भागांसाठी वणवण करतात.

म्हणून आपल्याकडील हौशी माणसाने आपली स्पोर्ट्स कार चार दारांच्या संसारी गाड्यांतच शोधली. नव्वदीच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या चारपाच वर्षांत अशा गाड्यांचे चांगले पीक आले होते. होंडा सिटीचे व्हीटेक इंजिन दीड लिटरचे आणि १०६ अश्वशक्तीचे. दिसायला बँकेच्या शाखाधिकाऱ्याची गाडी, पण सुई वर चढू लागली की अंगावर काटा यावा. फोर्ड आयकॉनचे १.६ लिटरचे इंजिन, ओपेल कोर्सा, मित्सुबिशी लान्सर. आणि २००१ च्या सप्टेंबरात आलेली पॅलिओ. तिचे रूप जुजारोच्या हातचे, इंजिन सोळा व्हॉल्व्हचे, ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती, आणि जन्म मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात. त्याच आवारात कधीकाळी प्रीमियर पद्मिनी बनत असे. १.६ जीटीएक्स फारशी खपली नाही, कारण ती पेट्रोल पाण्यासारखे पीत असे आणि आपला ग्राहक गाडी घेताना पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती देते?’ हाच. न खपल्यामुळे ती लवकर स्वस्त झाली. हौशी माणसाचे भाग्य असे दुसऱ्याच्या नावडीवर उभे असते.

मी ती २०१३ साली दिल्लीत घेतली, सत्तर हजार रुपयांना. आचरण नियमांतील अठराव्या नियमानुसार दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीच्या जंगम मालमत्तेचा व्यवहार आम्हाला वरिष्ठांना कळवावा लागतो. माझी स्पोर्ट्स कार त्या मर्यादेच्या बरीच खाली होती. म्हणजे शासनाच्या लेखी ती कळवण्याच्याही लायकीची नव्हती! असो.

अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाने जुनी गाडी घेणे हा खरे तर अभ्यासक्रमाचा अपमान. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीतले दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला वाईट धरूनच किंमत देतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातूनच निघून जातो. पुढे याच विचारासाठी त्यांना नोबेल मिळाले. हा निबंध मी एम.ए.ला पाठ केला होता. त्यातली एक फट मात्र मला चाळिशीनंतर, करोलबागेतल्या एका गल्लीत, एका शटरच्या गॅरेजात कळली. अज्ञानावर उपाय असतो, आणि तो म्हणजे गाडीखाली जाऊन पाठीवर निजणे.

त्या गॅरेजचा मालक मूळचा मेरठकडचा. त्याला सगळे उस्ताद म्हणत, मीही म्हणतो. पहिल्या दिवशी त्याने बॉनेट उघडलेच नाही. गाडी सुरू करायला लावली, हात बाजूला घेऊन उभा राहिला आणि दोन मिनिटांनी म्हणाला, “साहेब, टायमिंग बेल्ट आजच बदला. घरी घेऊन जाऊ नका.” बेल्ट काढला तेव्हा त्याचे दात बोटाने खरवडता येत होते. तो तुटला असता तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनाचे डोके उतरवावे लागले असते, आणि त्या खर्चात दुसरी पॅलिओ आली असती. पुढची दोन वर्षे मी जवळजवळ प्रत्येक शनिवार त्या गल्लीत काढला. खालच्या आर्मचे बुश, पुढचे शॉकअब्सॉर्बर, रेडिएटर, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, ऑइल सील. काचा वरखाली करणारी यंत्रणा तर तीनदा. फियाटची मूळ वस्तू मिळेनाशी झाली की कश्मीरी गेटच्या बाजारात जायचे. तेथे नाही मिळाली तर पेट्रा किंवा अ‍ॅडव्हेंचर या भावंडांची चालते का ते पाहायचे, आणि तीही नसेल तर मायापुरीच्या भंगारात शिरायचे. एखाद्या फाइलवर मंत्रालयातील चार विभागांची सहमती मिळवण्यापेक्षा हे काम अवघड नव्हते, आणि शेवटी काहीतरी हलत असे, हा फरक.

या दुरुस्तीत मी गाडीचा आवाज वाढवला नाही, इंजिन फोडून मोठे केले नाही, दिवे निळे-जांभळे केले नाहीत. कायद्याचे कलम ५२ आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय मला मान्य आहे. निर्मात्याने जशी दिली तशी गाडी परत उभी करणे एवढाच माझा छंद. फटफटाट करत वस्तीतून गाड्या पळवणाऱ्यांना पोलिसांनी जरूर पकडावे. त्यांच्या नावाने आम्हाला मात्र झोडपू नये.

आता मौजेविषयी. रविवारी पहाटे साडेपाचला रिकाम्या रिंगरोडवर तिसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेच्या आत राहूनही, या गाडीचे इंजिन ज्या तऱ्हेने श्वास घेते, त्यात मला जो आनंद होतो तो राष्ट्रीय उत्पन्नात कोठेच मोजला जात नाही. अर्थशास्त्रात याला ग्राहकाचे अधिक्य म्हणतात: वस्तूला मोजलेल्या किमतीपेक्षा ती माणसाला जेवढी अधिक मोलाची वाटते तेवढा फरक. सत्तर हजारांच्या गाडीत हा फरक प्रचंड असतो. पण आमच्या कोणत्याही अर्जात ‘वाहनाचा उपयोग’ या रकान्यापुढे ‘आनंद’ असे लिहिण्याची सोय नाही. प्रशासनाला वाहतूक कळते, मालाची ने-आण कळते, कार्यालयीन प्रवास कळतो. नागरिकाने काही कारण नसताना, केवळ बरे वाटते म्हणून काही करावे, ही गोष्ट आम्हाला संशयास्पद वाटते. धोरणाच्या टिपणीत तिला फार तर ‘अनावश्यक वापर’ असे नाव मिळते.

यावर कोणी म्हणेल की दिल्लीत लहान मुलांना श्वास घेता येत नाही आणि तुम्ही मौजेच्या गोष्टी काय सांगता? आक्षेप रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून आधी नियम कसा घडला ते पाहू.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ४१ सांगते की खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि पुढे पाच पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. मूळ कायद्यात पंधरावे वर्ष हे तपासणीचे वर्ष होते, मरणाचे नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पंधरा वर्षांवरील वाहनांना दिल्लीत मज्जाव केला, एप्रिल २०१५ मध्ये डिझेलसाठी दहा वर्षांची मर्यादा घातली, आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशांच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. न्यायालयांना दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. हवा विषारी झालेली, कार्यपालिका वर्षानुवर्षे ढिम्म. अशा वेळी न्यायासनाला हातात येईल ते साधन उचलावे लागते. प्रश्न आहे तो आमचा. दशकभरात आम्ही अधिक चांगले साधन तयार करून त्यांच्यापुढे का ठेवले नाही?

उत्तर सोपे आहे. तारीख नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेली असते. धूर मोजायला यंत्र लागते, यंत्र नीट चालते का हे पाहायला माणूस लागतो, आणि तो माणूस नीट चालतो का हे पाहायला आणखी एक माणूस लागतो. म्हणून जे मोजणे सोपे ते मोजायचे आणि तेच मोजायचे होते अशी स्वतःची समजूत घालायची. शाळेची गुणवत्ता पटावरून, रस्त्याची गुणवत्ता खर्ची पडलेल्या निधीवरून आणि गाडीचा धूर तिच्या जन्मतारखेवरून.

एक छोटे गणित करू. २००२ साली दिल्लीत विकलेल्या पेट्रोल गाडीला भारत स्टेज-२ चे मानक लागू होते. त्यात हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून किलोमीटरमागे ०.५ ग्रॅमची मर्यादा. आजच्या भारत स्टेज-६ पेट्रोल गाडीला हीच मर्यादा दोन्ही मिळून ०.१६ ग्रॅम. नवी गाडी तिपटीहून स्वच्छ, यात शंका नाही. पण माझी गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालते. म्हणजे मर्यादेच्या हिशेबाने एक किलो. शेजाऱ्याची नवी गाडी रोज नोकरीसाठी जाऊन वर्षाला बारा हजार किलोमीटर चालते. म्हणजे एक किलो नऊशे वीस ग्रॅम. माझा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हातारा झाला आहे असे समजून माझा आकडा दुप्पट केला तरी दोघे जेमतेम बरोबरीला येतो. कार्बन मोनॉक्साइडचे पाहिले तर मर्यादा २.२ आणि १ ग्रॅम. माझे चार किलो चारशे ग्रॅम, त्याचे बारा किलो. प्रयोगशाळेतील मर्यादा आणि रस्त्यावरचे वास्तव यांत अंतर असते, हे खरे. पण ते अंतर दोन्ही गाड्यांना लागू आहे. प्रदूषण म्हणजे किलोमीटरमागचा धूर गुणिले किलोमीटर. आमच्या नियमात या गुणाकारातील एकही संख्या नाही. त्यात आहे ते केवळ वर्ष, आणि ते या गणितात कोठेच येत नाही.

डिझेलची गोष्ट निराळी आहे आणि तेथे मी वाद घालणार नाही. जुन्या डिझेल गाडीच्या धुरातील सूक्ष्म कण नव्या गाडीच्या दसपटीने असू शकतात, आणि रोज शेकडो किलोमीटर धावणारा जुना डिझेल ट्रक दिल्लीच्या वेशीवर थांबवलाच पाहिजे. पण ट्रक थांबवणे राजकीय दृष्ट्या जड जाते. वस्तीत उभी असलेली, आठवड्यातून एकदा बाहेर पडणारी गाडी उचलून नेणे सोपे जाते. मालक कार्यालयात असतो, क्रेनवाला तत्पर असतो आणि महिनाअखेरीस अहवालात आकडा छान दिसतो.

आणखी एक बाब. दिल्लीच्या काही वसाहतींत आज तीनचार कोटींच्या नव्या स्पोर्ट्स कार उभ्या असतात. त्या लिटरला पाचसहा किलोमीटर देतात, हव्या तितक्या फिरतात, आणि त्यांना कोणी अडवत नाही, कारण त्या नव्या आहेत. व्हिंटेज गाड्यांचा संग्रह करणारा धनिक वीस हजार रुपये शुल्क भरून ‘व्हीए’ क्रमांक घेतो आणि मोटारींच्या मेळ्यात फेटा बांधून उभा राहतो. दोघांविषयी माझ्या मनात असूया नाही. फार तर थोडी. पण या दोघांच्या मधला जो शाळामास्तर, कारकून, बँकेतला रोखपाल, ज्याला साठ-सत्तर हजारांत आणि स्वतःच्या हातांच्या मेहनतीवर तोच आनंद मिळू शकला असता, त्याचीच गाडी तेवढी चिरडली जाते. वेगाची आणि यंत्राची मौज अशा रीतीने श्रीमंतांची मक्तेदारी बनते, आणि हे सारे गरिबांच्या फुप्फुसांच्या नावाने केले जाते.

व्हिंटेजचा नियम तरी वाचून पाहावा. पन्नास वर्षे सांभाळलेली गाडी प्रदर्शनाला, मेळ्याला, तांत्रिक संशोधनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला न्यावी; नेहमीच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणू नये. म्हणजे पन्नास वर्षे तग धरूनही तिच्या कपाळी मिरवणूकच. ‘सहज फेरफटका’ हे कारण या यादीतही नाही.

आता गाडीचे वय आणि माणसाचे वय यांची तुलना केल्यावाचून मला राहवत नाही. मूलभूत नियम ५६(ज) अन्वये आम्हा अधिकाऱ्यांची पन्नाशी-पंचावन्नीला तपासणी होते: काम करण्याची क्षमता आहे का, सचोटी शाबूत आहे का. जो अपात्र ठरतो तो घरी जातो, बाकीचे साठपर्यंत राहतात. माझी ही तपासणी झाली आहे, कशीबशी पार पडलो. आणि साठाव्या वर्षी निवृत्ती आली तरी पेन्शन मिळते आणि रस्त्यावरून चालायला कोणी बंदी करत नाही. पॅलिओची मागणी यापेक्षा अधिक नाही.

तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे जून २०१७ मध्ये संपणार होती. दोनच मार्ग उरले होते: मोडीत काढणे किंवा ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात नेणे. डिसेंबर २०१६ मध्ये मी आठ दिवसांची रजा टाकली. ना-हरकत प्रमाणपत्रासाठी एका कार्यालयात किती खेपा घातल्या हे येथे सांगत नाही. परराज्यात बदलीवर राहिलेल्या वाचकांना ते सांगावे लागणार नाही. गाडी नेण्यासाठी ट्रकवाल्याने जो दर सांगितला त्यात एक चांगला गिअरबॉक्स आला असता, म्हणून मी ती चालवतच नेली. दिल्लीहून जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मग सुरतेवरून पुणे. तीन दिवस. निघण्याच्या आदल्या रात्री उस्तादने डिकीत एक जुना पण चालू पेट्रोल पंप, दोन फ्यूज आणि पाण्याचा पाइप ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. तो पंप लागला नाही. उदयपूरच्या अलीकडच्या वळणांवर मात्र अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाने ढाब्यावर विचारले की ही गाडी विदेशी आहे का. मी म्हणालो, कुर्ल्याची. त्याला कुर्ला हा एखादा देश वाटला असावा.

पुण्यात नोंदणी झाली, पर्यावरण कर भरला, तपासणी झाली, नूतनीकरण झाले. तीच गाडी, तेच इंजिन, तोच धूर. दिल्लीत बेकायदा, पुण्यात कायदेशीर. पुण्याची हवा दिल्लीइतकी वाईट नाही हे मान्य, पण मग असा नियम हवेच्या प्रतीशी बांधायला हवा होता. आमचा नियम प्रत्यक्षात एवढेच करतो की राजधानीचा धूर जिल्ह्याच्या गावी पाठवतो. दिल्लीतून निघालेल्या गाड्या धावताहेतच, फक्त आपल्या खिडकीतून दिसत नाहीत. आणि माझ्यापुरते बोलायचे तर गाडी स्वगृही परतली, मालक मात्र परमुलखातच राहिला. वर्षातून दोनदा रजा घेऊन मी वाईला जातो आणि पसरणी घाट चढून पाचगणीला पोहोचतो. तेवढीच भेट.

गेल्या वर्षी या प्रकरणाने दोनदा वळण घेतले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर क्रमांक वाचणारे कॅमेरे लावून जुन्या गाड्यांना इंधन नाकारण्याचे ठरले, आणि लोकक्षोभ पाहून काही दिवसांतच ते पुढे ढकलले गेले. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये असे म्हटले, आणि १७ डिसेंबरला हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील गाड्यांपुरते राखले. तारखेकडून धुराकडे टाकलेले हे पहिले पाऊल आहे, आणि माझी स्टेज-२ ची गाडी बाहेर राहिली तरी मी त्याचे स्वागत करतो. केंद्राचे २०२१ चे मोडीत काढण्याचे धोरणही कागदावर समंजस आहे: खासगी गाडी वीस वर्षांनंतर स्वयंचलित केंद्रात तपासावी, नापास झाली तर नोंदणी रद्द व्हावी. पण त्याच बरोबर नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी दहा हजार. वर्षाला पाचशे किलोमीटर चालवा की वीस हजार, शुल्क तेच. पिगू यांनी १९२० सालीच सांगून ठेवले की कर लावायचा तो हानीवर लावावा. आम्ही शंभर वर्षांनी तो वाढदिवसावर लावतो.

माझे म्हणणे इतकेच की पंधरा आणि पन्नास यांच्यामध्ये एक तिसरा वर्ग असावा, मर्यादित वापराचा. वर्षाला अमुक किलोमीटर, समजा तीन हजार, दरवर्षी स्वयंचलित केंद्रात भार देऊन धुराची तपासणी, शुल्क किलोमीटरवर, आणि हवा अतिवाईट असेल त्या महिन्यांत गाडी बंद. जर्मनीत १९९७ पासून हंगामी क्रमांकपट्टी मिळते. तीवर महिने छापलेले असतात, त्या महिन्यांतच गाडी रस्त्यावर येते आणि कर व विमा तेवढ्याच महिन्यांचा भरावा लागतो. तीस वर्षांवरील जपलेल्या गाडीला तेथे ऐतिहासिक वाहनाची स्वतंत्र नोंदणी आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर कर माफ होतो. तेथील लोक आपल्यापेक्षा कमी पर्यावरणवादी आहेत असे कोणी म्हणणार नाही. उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेचे. २००९ साली मंदीवर उपाय म्हणून त्यांनी तीन अब्ज डॉलर खर्चून सुमारे पावणेसात लाख चालू गाड्या मोडीत काढल्या. त्या पुन्हा सुरू होऊ नयेत म्हणून इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ती जागच्या जागी मारली. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी इंजिन जोडले आहे त्यांनी ती चित्रफीत पाहू नये.

सहकारी म्हणतात, मीटरमध्ये फेरफार करतील. करतील की. पीयूसी प्रमाणपत्रेही विकत मिळतात, म्हणून आपण पीयूसी बंद केली का? जे कॅमेरे गाडीला पेट्रोल नाकारण्यासाठी तिचा क्रमांक वाचू शकतात, ते तिने वर्षात कितीदा पेट्रोल भरले हेही मोजू शकतात. यंत्रणा आहे. ती बंदीसाठी वापरायची की परवानगीसाठी, एवढेच ठरवायचे आहे, आणि आमची बोटे सवयीने बंदीकडे वळतात, कारण बंदीच्या फाइलवर कोणी खुलासा मागत नाही.

मध्यंतरी करोलबागेत गेलो होतो. उस्तादचे शटर अर्धे झाले आहे. दुसऱ्या अर्ध्यात त्याचा मुलगा मोबाइलची कव्हरे विकतो. नव्या गाड्या कंपनीच्या कार्यशाळेत जातात, तेथे संगणक दोष सांगतो आणि कारागीर पूर्ण सुटा भाग बदलतो. आवाज ऐकून बेल्ट ओळखणाऱ्याचे तेथे काम नाही. जुन्या गाड्या गेल्या तशी त्याची गिऱ्हाइके गेली. त्याच्यासारखे किती हात गेल्या दहा वर्षांत रिकामे झाले याची गणना कोणत्याही विभागाने केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कौशल्यविकासावरच्या बैठकांना मात्र मी स्वतः बसलो आहे. चहा झाल्यावर त्याने फळीवरून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली. पॅलिओच्या डाव्या काचेची यंत्रणा, मूळ, न वापरलेली. कोठून मिळाली ते सांगितले नाही. मी ती सामानात घालून पुण्याला नेली. विमानतळावरच्या सुरक्षारक्षकाने ती उलटसुलट करून पाहिली आणि हे काय आहे असे विचारले, तेव्हा मला जरा वेळ लागला.

पुण्यातील नोंदणी जून २०२७ मध्ये पुन्हा नूतनीकरणाला येईल. गाडी तेव्हा पंचविशीत असेल, आणि मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर. टायमिंग बेल्ट त्याआधी बदलायचा आहे. व्हिंटेज ठरायला तिला २०५२ साल उजाडावे लागेल. त्या वर्षी मी ब्याऐंशी वर्षांचा असेन, आणि नियमानुसार तेव्हाही तिला पसरणी घाटात नेण्यासाठी मला एखादा मेळा शोधावा लागेल.